२०१५, कॅनबेरा: पूलादीचं दुसरं पिवळं कार्ड. लूट की नियम?

ठाणेकर_नऊनंबर

इराण-इराक, आशियाई कप २०१५ची क्वार्टर फायनल कुणाला नीट आठवते का? या सामन्यावरून माझी एका जुन्या मित्राशी कडाक्याची जुंपली आहे. "आधी नियम वाच" असं दोघांनीही एकमेकांना ऐकवून झालंय आणि नियम दोघांनीही वाचलेला नाही. म्हणून इथे आलो.

मी १९९८पासून इराणवाला. ल्योंला अमेरिकेविरुद्ध हमीद एस्तिलीचं ते हेडर आणि त्यानंतर रडत धावत सुटलेला एस्तिली पाहिला, तेव्हापासून. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी: २३ जानेवारी २०१५, शुक्रवार. आपल्याकडे भर दुपारी बाराला सुरू झाला होता. ऑफिसात एक्सेलच्या मागे लपवून बघितला, दीडला जेवायला जाणार होतो, अडीच वाजून गेले तरी सामना सुरूच. इराण गटातले तिन्ही सामने जिंकून आलेला. बहारीन, कतार, यूएई, कुणालाही एक गोल करू दिला नव्हता. २४व्या मिनिटाला वोरिया गफूरीचा क्रॉस, सरदार आझमूनचं हेडर, १-०. इराक चाचपडत होता. मी मनातल्या मनात सेमीफायनलला कोरियाविरुद्ध टीम निवडायला बसलो होतो.

आणि ४३व्या मिनिटाला मेहरदाद पूलादी. चेंडूमागे धावत तो इराकच्या गोलकीपरपर्यंत, जलाल हसनपर्यंत गेला, दोघांची धडक झाली, जलाल हसन पडला. रेफरी बेन विल्यम्सने पिवळं काढलं. इथपर्यंत ठीक. मग इराकी खेळाडू त्याच्याभोवती जमा झाले, हातवारे करून काहीतरी सांगायला लागले आणि मग लाल आलं. मला टीव्हीवर सरळ सरळ असं दिसलं, की पूलादीला आधीच एक पिवळं दिलंय हे या माणसाच्या लक्षातच नव्हतं. समोरच्या टीमने आठवण करून दिली म्हणून लाल निघालं.

पुढचं महाभारत सगळ्यांना माहीत असेल. ५६ला अहमद यासीनने बरोबरी केली. एक्स्ट्रा टाइममध्ये ९३ला यूनिस महमूद, १०३ला पौरअलीगंजी, ११६ला दुरगाम इस्माईलची पेनल्टी, ११९ला रेझा घूचाननेजाद. ३-३. दहा जण खेळून दोनदा पिछाडी भरून काढली आणि शूटआउटमध्ये ७-६ने गेलो.

माझं म्हणणं, ज्या रेफरीला आपण कुणाला कार्ड दिलंय हेच ठाऊक नाही त्याने एवढ्या मोठ्या सामन्याचा निकाल लावला. मित्राचं म्हणणं, धडक दिली, पिवळं बसतं, दोन पिवळी म्हणजे लाल, विषय संपला. कोण बरोबर? आणि तेव्हा व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीचे निर्णय तपासणारा पंच) असता तर हे कार्ड टिकलं असतं का?

केइरोशचा_कोट

लूट. दुसरा शब्द नाही.

आणि हे एकदाच झालंय का? सात महिने मागे जा. २१ जून २०१४, बेलो होरिझोंते, वर्ल्ड कपात अर्जेंटिनाविरुद्ध. दुसऱ्या हाफात अश्कान देजागाह बॉक्समध्ये चेंडू घेऊन वळतो, झाबालेटा त्याला उडवतो, सर्बियाचा रेफरी मिलोराद माझिच बघतो आणि खेळ चालू ठेवतो. ०-० असताना! मग ९१व्या मिनिटाला मेस्सी. त्या दिवशी इराणचा कोच केइरोश टचलाइनवर ज्या पद्धतीने उड्या मारत होता ते आठवलं की अजून रक्त उसळतं. माझिचला याची शिक्षा काय? २०१८ला चॅम्पियन्स लीगची फायनल मिळाली.

बरं, व्हीएआर आल्यावर तरी? सारान्स्क, २५ जून २०१८, वर्ल्ड कपात पोर्तुगालविरुद्ध. रोनाल्डोचा हात पौरअलीगंजीच्या तोंडावर. पॅराग्वेचा रेफरी एन्रिके कासेरेस चांगला स्क्रीनपर्यंत चालत गेला, बघितलं आणि पिवळं घेऊन परत आला. त्या जागी इराणचा कुणी असता तर बसने हॉटेलवर पाठवला असता.

आता कॅनबेराचं बघा. स्पर्धा ऑस्ट्रेलियात, रेफरी ऑस्ट्रेलियाचा, आणि नुसता ऑस्ट्रेलियाचा नाही, खुद्द कॅनबेराचा! यजमानाला फायनलमध्ये इराण नको होता. गणित सोपं आहे.

शिट्टीवाले_काका

ठाणेकर, सामना मी पाहिलाय आणि नंतर ती एक मिनिटाची क्लिप पोरांना शिकवताना बऱ्याचदा दाखवलीय, म्हणून लिहितो. कोल्हापुरात जिल्हा पातळीवर शिट्टी वाजवून आता घरी बसलोय. पेठांच्या पोरांना दुसरं पिवळं दाखवून स्टेडियमच्या मागच्या दाराने घरी गेलेला माणूस आहे मी, तेव्हा दोन्ही बाजू जरा ठाऊक आहेत.

आधी साधी गोष्ट. पिवळं दाखवून मग लाल दाखवलं यात काही गैर नाही, ती पद्धतच आहे. थेट लाल असेल तर एकच कार्ड. दुसऱ्या ताकिदीवर बाहेर काढायचं असेल तर आधी पिवळं आणि पाठोपाठ लाल, म्हणजे बघणाऱ्याला आणि अहवाल वाचणाऱ्याला कळतं की खेळाडू कशाबद्दल गेला. तुमची तक्रार त्या दोन कार्डांच्या मधल्या वेळाबद्दल आहे. तो वेळ जास्त होता, मान्य. मलाही तेव्हा वाटलं की गडी विसरलाय.

पण भावा, इथंच तुझं गणित उलटं पडतंय.

नियम बारा काढ. मैदानाबाहेर काढायचे जे गुन्हे दिलेत त्यात एक ओळ आहे, एकाच सामन्यात दुसऱ्यांदा ताकीद मिळणं. बास. दुसरी ताकीद पहिलीपेक्षा मोठ्या गुन्ह्याला द्यावी, थोडी सांभाळून द्यावी, क्वार्टर फायनल असेल तर मोठ्या मनानं घ्यावं, असं एक अक्षर त्यात नाही. पिवळ्याचं माप एकच. पहिलं असो नाहीतर दुसरं.

प्रत्यक्षात आम्ही काय करतो? खोटं कशाला बोलू, एकाला आधी पिवळं असेल तर हात खिशाकडं जाता जाता थांबतो. मनात हिशोब सुरू होतो. हा गेला तर सामना एकतर्फी होईल, कप्तान अंगावर येईल, गॅलरी पेटेल, उद्या पेपरात आपलंच नाव. मग त्याला नुसतं बोलावून दम द्यायचा, "शेवटचं सांगतोय" म्हणायचं आणि सोडून द्यायचं. जगातले सगळे रेफरी हे करतात आणि टीव्हीवरचे पंडित त्याला सामना हाताळणं म्हणतात. नियमाच्या पुस्तकात बघितलं तर ती सरळ सरळ सूट आहे.

आता विल्यम्सकडं या. तुम्हीच म्हणताय की तो विसरला होता. मग त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय होतं? समोर एक खेळाडू, त्याने गोलकीपरला धडक दिली, याला ताकीद बसते का? बसते. काढलं पिवळं. पूलादी, इराण, सेमीफायनल, दहा माणसं, यातलं काहीच त्या निर्णयात नव्हतं. फाऊल बघितला आणि माप लावलं. विसरला असेल तर तो निर्णय त्या संध्याकाळचा सगळ्यात स्वच्छ निर्णय होता. पक्षपात करायला आधी लक्षात असावं लागतं की आपण कुणाला काढतोय! कट करणारा माणूस आपल्या सावजाचा नंबर विसरत नाही.

म्हणजे "विसरला" आणि "मुद्दाम केलं" ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलता येत नाहीत. केइरोशच्या कोटवाल्यांनी यातलं एक निवडावं.

धडकेबद्दल माझं मत: ताकीद बसते. घसघशीत नाही, पण बसते. गोलकीपरचा चेंडूवर ताबा येत असताना तू वेग कमी न करता अंगावर जातोस, हे बेपर्वा खेळात धरता येतं. जलाल हसनने त्यात नाटकाची भर घातली तेही खरं. मी असतो तर काढलं असतं का? आधीचं पिवळं आठवत असतं तर, खरं सांगायचं तर, कदाचित नसतं काढलं. आणि ती माझी भीती असती, त्याला न्याय म्हणता आलं नसतं.

व्हीएआरचं उत्तर छोटं आहे. व्हीएआर आणला तेव्हा चार गोष्टींसाठी आणला: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड गेलं तर ते. दुसरं पिवळं त्यात धरलंच नव्हतं. २०१५ला त्या मैदानावर शंभर कॅमेरे आणि खोलीभर पंच बसवले असते तरी पूलादी बाहेरच गेला असता.

गार्गी_मिडफिल्ड

काका, युक्तिवाद भारी आहे, पण मला पटला नाही.

तुम्ही म्हणता विसरला म्हणून माप शुद्ध राहिलं. पण माप शुद्ध तेव्हा, जेव्हा ते सगळ्यांना सारखं लागतं. तुम्हीच सांगताय की जगातले सगळे रेफरी दुसऱ्या पिवळ्याला हात आखडता घेतात. म्हणजे तोच अलिखित नियम झाला. खेळाडू त्याच हिशोबाने खेळतात, कोच त्याच हिशोबाने पिवळं मिळालेल्या डिफेंडरला मैदानावर ठेवतो. मग एका सामन्यात एका टीमला पुस्तकातलं माप आणि बाकी जगाला व्यवहारातलं, हा पक्षपात नसेल, पण अन्याय आहेच. कुणाचा हेतू वाईट नव्हता म्हणून अन्याय झालाच नाही, असं थोडंच असतं?

आणि विसरणं इतकं हलक्यात का घेताय? कार्ड दिलं की नंबर आणि मिनिट लिहायचं असतं ना? २००६च्या वर्ल्ड कपमधला रेफरी ग्रॅहम पोल आठवा. स्टुटगार्टला क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया, योसिप शिमुनिचला एकाच सामन्यात तीन पिवळी! दुसऱ्या पिवळ्यानंतर गडी मजेत खेळत राहिला. शिमुनिचचं नाव पोलने ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरसमोर लिहिलं होतं, कारण शिमुनिचचाही नंबर तीनच. त्याला कुणी "स्वच्छ निर्णय" म्हटलं नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधली पोलची कारकीर्द तिथेच संपली. विल्यम्सच्या बाबतीत विसरणं हा गुण कसा झाला?

इराणवाल्यांना मात्र एक विचारायचंय. २८ जानेवारी २०१९, अल ऐन, सेमीफायनल, जपान. व्हीएआर होता. रेफरी ऑस्ट्रेलियाचाच, ख्रिस बीथ. ५६व्या मिनिटाला मिनामिनो पडला आणि इराणचे डिफेंडर चेंडू सोडून रेफरीकडे धावले, "त्याने डाइव्ह मारली" हे सांगायला. तोवर मिनामिनो उठला, चेंडू बाहेर जायच्या आत गाठला, क्रॉस टाकला, ओसाकोने डोकं लावलं. ०-१. शेवटी ०-३. शिट्टी वाजलेली नसताना अख्खी बचावफळी हुज्जत घालायला गेली होती. त्या गोलसाठी कुठल्या रेफरीला धरायचं?

केइरोशचा_कोट

अल ऐनवर मी बोलणार नाही. ते दुःख वेगळं आहे.

पण काका, "सावजाचा नंबर विसरत नाही" हे वाक्य मी चोरणार, पुढच्या वादात दुसऱ्या बाजूने वापरायला. तरी माझा मुद्दा उरतोच. विल्यम्सला आठवण कुणी करून दिली? इराकने! विरोधी टीमच्या सांगण्यावरून लाल कार्ड निघतं हे कुठल्या पुस्तकात बसतं?

शिट्टीवाले_काका

कुणी सांगितलं याला अर्थ नाही. पिवळं एकदा हवेत गेलं की रेफरीच्या हातात काही उरत नाही. आधीचं पिवळं आहे म्हटल्यावर लाल आलंच पाहिजे. इराकने सांगो, चौथा पंच कानात सांगो, गॅलरीतून चहावाला ओरडो. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत दुरुस्त झालं ना? पोलच्या केसमध्ये नेमकं हेच घडलं नाही. तिथं कुणीच ओरडलं नाही, साइडचे दोन पंच नाहीत, चौथा नाही, ऑस्ट्रेलियाचे खेळाडू नाहीत, आणि खेळ पुढं गेला. गार्गीताई, फरक हा आहे. पोलचं विसरणं निकालात शिरलं. विल्यम्सचं विसरणं काही सेकंदांत संपलं आणि शेवटी नियमाप्रमाणे जे व्हायला हवं तेच झालं.

तुमच्या अलिखित नियमाबद्दल मात्र मला उत्तर सुचेना म्हणून चहा करून आलो. मुद्दा तगडा आहे. पण त्या तर्काने गेलं तर पहिलं पिवळं मिळालेला खेळाडू मैदानातला सगळ्यात सुरक्षित माणूस होतो, त्याला हवं ते करायची मुभा. गॅलरीत लोक ओरडत असतात, "त्याला आधी दिलंय, आता दे की!" ते बरोबर असतात आणि आम्ही ऐकलं नाही असं दाखवतो.

आणखी एक. त्या मैदानावर विल्यम्स विसरला असेल, पंच विसरले असतील. पण पूलादीला एक पिवळं आहे हे एका माणसाला नक्की माहीत होतं, आणि तो म्हणजे पूलादी. हाफ टाइमला दोन मिनिटं उरली होती, टीम पुढं होती, आणि स्वतःच्या गोलपासून मैदानाची लांबी दूर, गोलकीपरवर चालून जायची काय गरज? डिफेंडरने तिथं अंग का घालावं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

कटवाल्यांसाठी एक तुकडा. २०१४च्या वर्ल्ड कपमध्ये याच विल्यम्सने राउंड ऑफ सिक्स्टीनला कोस्टा रिकाच्या ओस्कार दुआर्तेला ग्रीसविरुद्ध दुसऱ्या पिवळ्यावर काढलं होतं. तिथंही १-०ने पुढं असलेली टीम दहावर आली, तिथंही बरोबरी झाली, तिथंही टायब्रेकर. कोस्टा रिका जिंकलं, म्हणून कुणी त्याला लुटारू म्हटलं नाही. या माणसाचा हात दुसऱ्या पिवळ्याला जड नाही एवढंच त्यातून दिसतं.

ब्रूसमधला_पाहुणा

हा धागा उशिरा दिसला. मी तेव्हा शिकायला तिकडे होतो आणि सामना स्टेडियममध्ये बसून पाहिलाय. ब्रूस हे कॅनबेराचं उपनगर, एरवी तिथे रग्बी चालते. सिडनीहून इराणी कुटुंबं गाड्या भरभरून आली होती. माझ्या पुढच्या रांगेत एक आजी, त्यांची मुलगी आणि दोन नाती, चौघींच्या गालांवर झेंडे. तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता, हे त्या मुलीनेच मला हाफ टाइमला सांगितलं. आजींचा आवाज पूर्ण ब्लॉकमध्ये सगळ्यात मोठा होता.

कार्डाबद्दल: गॅलरीत बसलेल्यांना तुमच्याइतकंही कळलं नाही. आम्ही उलट्या टोकाला होतो. पिवळं दिसलं, शिव्या सुरू झाल्या, मग गर्दी झाली, मग लाल दिसलं. कुणाला दाखवलं तेच आधी समजेना. शेजारच्याला वाटलं रेफरीशी भांडल्याबद्दल कुणीतरी दुसराच गेला. त्यामुळे "सगळ्या जगाने पाहिलं" वगैरे म्हणू नका. स्टेडियमने नाही पाहिलं.

यजमानांच्या कटाचं मात्र हसू येतं. ड्रॉ बघा ना. ऑस्ट्रेलिया आदल्या दिवशी चीनला हरवून दुसऱ्या बाजूने सेमीफायनलला गेला होता. इराण-इराकमधल्या विजेत्याची गाठ कोरियाशी. ऑस्ट्रेलियाच्या वाटेत त्या दिवशी खरा धोंडा होता तो जपान, आणि जपानचा सामना त्याच रात्री सिडनीला यूएईशी होता. तिथे १-१, पेनल्टी, होंडा आणि कागावा दोघांच्याही किक वाया, जपान बाहेर. यजमानाची वाट मोकळी झाली ती तिथे, आणि त्यासाठी कुणाला कार्ड दाखवावं लागलं नाही.

मला खरं बोलायचंय ते लाल कार्डानंतरच्या ७७ मिनिटांबद्दल, कारण टीव्हीवर ती कशी दिसली माहीत नाही, पण मैदानात बसून अंगावर काटा येत होता. जानेवारी म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. तेव्हा बदली खेळाडू तीनच, एक्स्ट्रा टाइमला चौथा मिळायची सोय नव्हती. तरी एक्स्ट्रा टाइममध्ये इराणने कॉर्नर मिळाला की सगळी माणसं पुढे पाठवायला सुरुवात केली. मागे राहिलेल्यांकडे बघून भीती वाटायची. पौरअलीगंजीने १०३ला हेडर मारला तेव्हा आजी खुर्चीवर उभ्या होत्या. ११९ला घूचाननेजादने मारला तेव्हा त्या कुठे होत्या ते मला दिसलंच नाही, कारण माझ्यावर तीन अनोळखी माणसं पडली होती.

शूटआउट आमच्याच बाजूला झालं. पहिल्याच किकला हाजसफी चुकला. लगेच इराकचा साद अब्दुल-अमीर चुकला. मग कुणी चुकेचना. यूनिस महमूदने तर पानेन्का मारला, म्हणजे चेंडू अलगद उचलून गोलच्या मधोमध टाकला. अशा क्षणी, त्या वयात! आमच्या ब्लॉकमध्येसुद्धा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांच्या शिव्या खाल्ल्या. आठव्या फेरीत वाहिद अमिरीची किक पोस्टला लागली, सलाम शाकिरने आपली घातली, संपलं.

बाहेर पडताना रेफरीला शिव्या घालणारे खूप होते. पण पुढच्या रांगेतली ती मुलगी फक्त हाजसफीबद्दल बोलत होती. पहिली किक त्याने का घेतली, दुसऱ्या कुणी का नाही.

ठाणेकर_नऊनंबर

वा. पाहुणे, हे वाचून पुन्हा पूर्ण सामना बघावासा वाटतोय.

काका, तुमचा "विसरला म्हणून स्वच्छ" वाला मुद्दा मी मित्राला पाठवला. तो आता माझ्यापेक्षा जास्त खूश आहे, त्यामुळे माझी चिडचिड वाढली आहे. माझं मत थोडं सरकलंय, पूर्ण नाही. लूट म्हणणार नाही. पण गार्गी म्हणते तसा अन्याय मी धरून बसणार. रेफरीने खिशात हात घालण्याआधी समोर कोण आहे हे बघावं एवढी अपेक्षा चुकीची नाही. बघूनही त्याने काढलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

जाता जाता, सामन्यानंतरच्या त्या प्रोटेस्टबद्दल कुणीच बोललं नाही. इराणने तक्रार केली होती ती रेफरीविरुद्ध नाही, तर इराकच्या अला अब्दुल-झहराविरुद्ध. तो आधी इराणमध्येच ट्रॅक्टर साझीकडून खेळायचा आणि तिथल्या डोपिंग टेस्टच्या आधारावर तो अपात्र आहे असं इराणचं म्हणणं. एएफसीने (आशियाई फुटबॉल संघटनेने) दोन दिवसांत फेटाळलं आणि इराक सेमीफायनल खेळला, कोरियाकडून ०-२ हरला.

गार्गी_मिडफिल्ड

ती तक्रार मला कधीच आवडली नाही. मैदानात ३-३ खेळलात, ते कागदावर जिंकायला निघालात. त्यात तो माणूस स्पर्धेत आधीपासून होता, आठवण मात्र हरल्यावर आली. फेडरेशनने त्याऐवजी रेफरीच्या निवडीवर प्रश्न विचारला असता तर मी पाठिंबा दिला असता. यजमान देशाचा रेफरी नॉकआउटला, तेही त्याच्याच गावात, याची गरज नव्हती. कट नाही मानत मी. पण आशियात रेफरी काय कमी होते?

शिट्टीवाले_काका

यावर शंभर टक्के सहमत. आमच्याकडं गल्लीतल्या सामन्याला पण त्या पेठेचा पंच देत नाहीत. तो चुकतो म्हणून नव्हे. बरोबर निर्णय दिला तरी कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून. विल्यम्सचं झालं ते हेच. तेच कार्ड उझबेकिस्तानच्या नाहीतर बहारीनच्या रेफरीने दाखवलं असतं तर आज हा धागा निघाला नसता.

केइरोशचा_कोट

निघाला असता. मी काढला असता.

ठाणेकर_नऊनंबर

काका, शेवटचा प्रश्न, मग तुम्हाला सोडतो. ११६व्या मिनिटाची पेनल्टी. पौरअलीगंजी आणि यासर कासिम. मित्र म्हणतो स्पष्ट, मी म्हणतो कासिमने पाय शोधला.

शिट्टीवाले_काका

पेनल्टीच. पाय कासिमने शोधला म्हणतोस, पण पौरअलीगंजीने तो तिथं ठेवला कशाला? आणि त्या वेळी तर विल्यम्सला सगळं आठवत होतं.